लाल दिव्याला थांबू, पण रस्ता सोडणार नाही

सायकलवाल्यांच्या सुरक्षिततेचा विषय ग्रामसभेत काढा, नगरपालिकेच्या बैठकीत काढा नाहीतर चहाच्या टपरीवर काढा, दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, "आधी त्यांना सिग्नल पाळायला सांगा." मग ते उलट दिशेने येतात, रात्री दिवा लावत नाहीत, मध्येच वळतात, हेही ओघाने येतं. रस्त्यावर माणूस मरू नये म्हणून काय करायचं, हा मूळ प्रश्न तिथेच पडून राहतो. या तक्रारीतला खरा भाग मला मान्य आहे. लाल दिव्याला सायकलवाल्याने थांबलंच पाहिजे. पण थांबणं हे त्याचं कर्तव्य आहे. त्याने ते चुकवलं तर त्याला बोल लावा, दंड करा. सगळ्या सायकलवाल्यांनी आधी शहाणं व्हावं आणि मग त्यांच्यासाठी रस्ता सुधारू, अशी अट मात्र घालू नका. मोटारवाल्यांना अशी अट कोणी कधी घातलेली नाही.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण सायकलींचे नियम आता राज्यांनी लिहायचे आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम १३८ मध्ये एक पोटकलम घालण्यात आलं. पादचारी आणि यंत्राविना चालणारी वाहनं, म्हणजे सायकल, हातगाडी, बैलगाडी, यांनी सार्वजनिक रस्ते कसे वापरायचे याचे नियम करायचा अधिकार त्याने राज्य सरकारांना दिला. राष्ट्रीय महामार्गाचा प्रश्न असेल तर महामार्ग प्राधिकरणाशी सल्लामसलत करायची, असंही त्यात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सहा महिन्यांत करा असं राज्यांना बजावलं. नियम व्हायलाच हवेत. फक्त याच अधिकारात सायकलवाल्याला सुरक्षित वाट करून देता येते आणि याच अधिकारात त्याला हायवेवरून हाकलूनही देता येतं. कोकणातल्या माणसाने डोळे उघडे ठेवायला हवेत ते इथे.

आधी एक गैरसमज दूर करू. सायकलला नंबर नाही, लायसन नाही, म्हणून तिला कायदाच नाही, असं अनेकांना वाटतं, सायकलवाल्यांनाही वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसत नाही हे खरं. त्यामुळे सिग्नल तोडल्याबद्दल मोटारीला जे चलन येतं ते तिला येत नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सायकल त्यातून सुटत नाही. जुन्या पिढीला तर आठवत असेल, नगरपालिकेचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस सायकलच्या चाकातली हवा सोडून द्यायचे. सायकल रस्त्याच्या शिस्तीबाहेर होती असं आपल्याकडे कधीच नव्हतं.

आता लाल दिवा. कोकणात सिग्नल मोजकेच. कित्येक तालुक्यांच्या गावी तिठ्यावर दिवाच नाही, आणि जिथे आहे तिथे तो अनेकदा नुसता पिवळा लुकलुकत असतो. म्हणून इथल्या सायकलवाल्याला लाल दिव्याची सवय नाही. पण जिथे दिवा चालू असतो तिथे तो कोणासाठी असतो ते पाहा. मासळीची टोपली घेऊन बाजारातून परतणारी बाई, शाळा सुटल्यावर हात धरून निघालेली दोन भावंडं, काठी टेकत दवाखान्यात जाणारे आजोबा, ही माणसं त्या लाल दिव्याच्या भरवशावर पाऊल टाकतात. सायकल आवाज न करता येते. मोटारीचा आवाज कानावर पडतो आणि माणूस मागे सरतो. सायकल अगदी अंगाशी येईपर्यंत कळत नाही. उतारावरून आलेल्या सायकलची धडक बसून म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर तो माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेल याची खात्री कोणी देणार नाही. सायकलवाला रस्त्यावरचा दुबळा खरा, पण पायी चालणाऱ्यासमोर तो दुबळा राहत नाही. त्याने थांबायचं ते या माणसांसाठी. हवालदार उभा असो वा नसो.

सायकलला लाल दिव्यातून सूट असावी, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ साली कायदाच केला: 'थांबा' अशी पाटी असेल तिथे सायकलवाल्याने वेग कमी करावा, दुसऱ्याचा हक्क असेल तर त्याला जाऊ द्यावं आणि वाट मोकळी असेल तर न थांबता पुढे जावं. पुढे लाल दिव्यालाही आधी पूर्ण थांबून, वाट मोकळी पाहून निघायची मुभा त्यांनी दिली. पॅरिसमध्ये २०१५ पासून अनेक चौकांत सिग्नलखाली छोटी पाटी असते; ती असेल तिथेच, पादचाऱ्याला आधी जाऊ देऊन, सायकलला लाल दिव्यातून ठरलेल्या दिशेने पुढे जाता येतं. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. थांबलेली सायकल पुन्हा वेगात आणायला पायातली ताकद लागते, चढावर तर फारच. आणि मागे खोळंबलेल्या मोटारींच्या आधी चौकातून निघून जाणं कधीकधी सायकलवाल्याला जास्त सुरक्षित असतं.

तरीही ही सूट आपण आज मागू नये, असं मला वाटतं. तिथे ती कायद्याने, विचार करून, जागा ठरवून दिली गेली. ज्याने त्याने आपापल्या मनाने घेतलेली नाही. आणि ती चालते ती बाकीची वाहनं लाल दिव्याला थांबतात म्हणून. आपल्याकडे लाल पडल्यावरही तीन दुचाक्या आणि एक टेंपो निघून जातो. आडव्या बाजूचे लोक हिरवा पडायच्या आधीच गाडी पुढे काढतात. अशा चौकात लाल दिव्यातून शिरणारा सायकलवाला दोन्हीकडून सापडतो. आधी सगळ्यांनी थांबायला शिकू या, सूट हा फार पुढचा विषय आहे.

इथवर मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण रस्त्यावरचा धोका मोजायला बसलो की सायकलवाल्याच्या लाल दिव्यापाशी फार वेळ थांबता येत नाही. साधं गणित आहे. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून ८० किलो, वेग ताशी १५ किलोमीटर. मोटार १,२०० किलो, वेग ताशी ६०. वजन पंधरा पट झालं. वेग चौपट, पण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती सोळा पट. पंधरा गुणिले सोळा, २४०. एकाच्या हातून चूक झाली तर जे घडतं त्याच्या दोनशे चाळीस पट दुसऱ्याच्या हातून घडू शकतं. हा हिशोब साध्या मोटारीचा. चिरे भरलेला ट्रक किंवा खाणीचा डंपर धरला तर हजारांत बोलावं लागेल. सरकारी आकडेही हेच सांगतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यूंचं कारण अतिवेग म्हणून नोंदलं आहे. मेलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीस्वार आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. अतिवेगात सायकलीचा वाटा काय असणार?

ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे तत्त्व ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत स्पष्ट लिहिलं. त्यासाठी आपल्याला परदेशाकडे बघायचीही गरज नाही. आपल्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये मोटारीच्या अपघातात माणूस गेला तर पाच लाख आणि गंभीर जखमी झाला तर अडीच लाख रुपये भरपाई आहे, आणि त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मोटार रस्त्यावर आणणारा धोका सोबत घेऊन येतो, म्हणून भाराचा मोठा वाटा त्याने उचलायचा, हे संसदेने कधीच मान्य केलं आहे. टपरीवरच्या चर्चेत मात्र तो भार सायकलवाल्याच्या अंगावर टाकला जातो.

आता कोकणात या. इथे सायकलवाल्याचं नियम मोडणं सिग्नलवर दिसत नाही, ते मुंबई-गोवा हायवेच्या डिव्हायडरवर दिसतं. कसाल, ओरोस, कुडाळ या पट्ट्यात हायवे चौपदरी झाला. रस्ता गुळगुळीत झाला, मुंबईहून येणाऱ्याचा वेळ वाचला, याचा मलाही आनंद आहे. पण हा रस्ता वाड्यांच्या मधून गेला. घर एका अंगाला, शाळा, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा दुसऱ्या अंगाला. पूर्वी दोन्हीकडे बघून ओलांडता येणारा रस्ता होता. आता मध्ये डिव्हायडर आहे आणि तो जिथे उघडतो ती जागा कुठे कुठे वाडीपासून लांब पडते.

संध्याकाळी काळोख पडायच्या वेळेला अशा एखाद्या वाडीपाशी उभं राहून बघा. कामावरून परतणारा माणूस सायकलवरून उतरतो, हँडलला लावलेली पिशवी काढून आधी डिव्हायडरवर ठेवतो, मग पुढचं चाक वर घेतो. पेडल कण्हेरीच्या झुडपात अडकतं. ते सोडवेपर्यंत मागून डंपर जातो आणि त्याच्या वाऱ्याने पिशवी उलटते. तो पिशवी सावरतो, मागचं चाक उचलतो आणि पलीकडे उतरतो. उतरतो तो थेट सर्वांत वेगवान लेनमध्ये. तिथे ताशी ८० ने येणारी मोटार एका सेकंदात बावीस मीटर येते. इतका जीव धोक्यात का घालतोस असं विचारलं तर उत्तर येतं, "थंय जावन वळसो घालूक माका अर्दो तास जाता." गॅप दीड किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन तीन किलोमीटर, त्यात चढ, दिवसभराच्या कामानंतर. दुसरा एखादा डिव्हायडर न ओलांडता कडेकडेने उलट दिशेने येतो. तोही नियम मोडतो आणि तोही समोरच्या गाडीखाली येऊ शकतो. या दोघांना उपदेश करून काही होणार नाही. पाचशे मीटरवर भुयारी वाट असती, वाडीच्या दोन्ही अंगांना सलग सर्व्हिस रोड असता, तर त्यांनी ही कसरत कशाला केली असती? माणूस रोज एकाच जागी तोच नियम मोडत असेल तर दोष तिथल्या आखणीत शोधायला हवा. ती सुधारा, आणि त्यानंतरही जो उलट दिशेने येईल त्याला खुशाल दंड करा.

मला खरी भीती सायकलबंदीची वाटते. कारण अधिकाऱ्याच्या टेबलावर सर्वांत सोपा उपाय तोच असतो. भुयारी वाटेला पैसे लागतात, सर्व्हिस रोडला जमीन लागते. 'सायकलींना प्रवेश नाही' अशी पाटी लावायला काही लागत नाही. ही भीती हवेतली नाही. कोलकात्यात पोलिसांनी २०१३ साली शंभराहून जास्त रस्त्यांवर सायकल बंद केली होती. त्याचा फटका दूधवाले, पेपरवाले, घरकामाला जाणारी माणसं यांना बसला. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सायकलला बंदी आहे, पण तिथे शेजारी जुना हायवे आहे. कोकणात शेजारी काय आहे? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीत उतरणारी वळणं. बऱ्याच ठिकाणी जुना रस्ता रुंद करूनच नवा हायवे झाला, म्हणजे जुना रस्ता उरलाच नाही. नदीवर पूल असतो तो हायवेचाच. तिथे सायकल बंद करणं म्हणजे एका वाडीला दुसऱ्या वाडीपासून तोडणं. पर्यायी रस्ता प्रत्यक्ष तयार झाल्याशिवाय राष्ट्रीय महामार्गाच्या कोणत्याही भागावर सायकल बंद करता येणार नाही, हे वाक्य राज्याच्या नियमांत असलंच पाहिजे. बाकी सगळ्यावर देवघेव होऊ शकते, यावर नाही.

सागरी मार्गाची गोष्ट वेगळी. रेवसपासून रेडीपर्यंतचा हा रस्ता बऱ्याच ठिकाणी अजून अरुंद आहे, वाड्यांतून, माडांच्या बागांतून जातो, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी भरतो. इथे प्रश्न ओव्हरटेकचा. समोरून बस येत असताना मागची गाडी सायकलच्या हँडलला घासून निघते, कारण चालकाला अर्धा मिनिट मागे थांबायचं नसतं. जर्मनीत सायकल ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं. फ्रान्समध्ये एक आणि दीड. आपल्याकडे लायसन काढताना असा आकडा कधी कानावर पडत नाही. दीड मीटर म्हणजे साधारण हात पसरलेल्या माणसाइतकी जागा. ती सोडता येत नसेल तर मागे थांबावं, इतकं साधं आहे ते. पावसाळ्यात ही जागा आणखी गरजेची होते, कारण डांबराची कड तुटून साईडपट्टी वीतभर खाली जाते, तिच्यावर गवत माजतं आणि खड्डा गढूळ पाण्याखाली दिसत नाही. अशा वेळी सायकलवाला रस्त्याच्या थोडा आत चालवतो ते मुजोरीने नव्हे. कडेला गेला तर पडेल म्हणून. मागून हॉर्न मारून त्याला खाली उतरवणाऱ्याने एकदा ती कड उतरून बघावी.

दिव्याबाबत मी सायकलवाल्यांना सूट देणार नाही. पहाटे पाव घेऊन निघणारा माणूस, मागे प्लास्टिकचं क्रेट, त्यावर ताडपत्री, अंगावर काळा रेनकोट, आणि दिवा एकही नाही. तो भोंगा वाजवत गावात शिरतो तेव्हा सगळ्यांना ऐकू येतो, पण हायवेवर पावसात तो कोणाला दिसत नाही. समोरून प्रखर पांढरे हेडलाइट लावून, डिपर न देता येणारी गाडी त्याला आंधळं करते आणि मागून येणाऱ्याला तो काळोखाचाच भाग वाटतो. मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा, दोन्ही मिळून काही शे रुपयांचं काम आहे. हे सक्तीचं करा. फक्त पहिल्यांदा सापडलेल्याला पावती फाडून देण्याऐवजी दिवा बसवून द्या. ग्रामपंचायतीने आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या, आधी गावातल्या सायकलींना मागचा दिवा आणि चमकणारी पट्टी लावून द्यायचं ठरवलं तर खर्च फार नाही. हेल्मेटची सक्ती मात्र मी मागणार नाही. डोकं वाचतं हे खरं, आणि ज्याला परवडतं त्याने ते घालावंच. पण दंडाच्या भीतीने पाववाला सायकल सोडून देणार असेल तर त्यात कोणाचंच भलं नाही. शिवाय ताशी ६० ने मागून येणाऱ्या डंपरपुढे हेल्मेटचा आधार फार थोडा.

हौसेने सायकल चालवणाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे. अलीकडे रत्नागिरीत, चिपळुणात, दापोलीत सकाळी घोळक्याने सायकलवर निघणारे खूप दिसतात. मला ते पाहून बरं वाटतं; डॉक्टर, शिक्षक, दुकानदार सायकलवर आले की सायकल म्हणजे गरिबीची खूण ही समजूत मोडते. त्यांचं म्हणणं प्रशासन ऐकतं, पाववाल्याचं ऐकत नाही. म्हणूनच त्यांच्याकडून जास्त अपेक्षा आहे. आरे-वारेच्या वळणावर तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नये, एकामागे एक जावं. चौकात लाल असेल तर घोळक्यातल्या शेवटच्यानेही थांबावं. आणि मागण्यांचं निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत जाल तेव्हा रविवारच्या फेरीसाठी वेगळ्या ट्रॅकची मागणी खाली ठेवा. वर भुयारी वाट आणि सर्व्हिस रोड लिहा. ट्रॅक तुम्हाला आठवड्यातून एकदा लागेल, सर्व्हिस रोड सायकल उचलून डिव्हायडर ओलांडणाऱ्या त्या माणसाला रोज दोनदा लागतो.

"रस्त्याचा कर कोण भरतं?" असं विचारणाऱ्यालाही उत्तर द्यायला हवं. वाहनकर मोटार बाळगण्याबद्दल असतो, त्यातून रस्त्याची मालकी मिळत नाही. सायकल घेताना, टायर बदलताना, घरात साबण आणताना सायकलवालाही जीएसटी भरतो. सायकलला नंबरप्लेट लावा ही सूचनाही अशीच. कोट्यवधी सायकलींची नोंद ठेवणारी यंत्रणा उभी करायची, आणि ती कशासाठी, तर सर्वांत कमी धोका असलेल्या वाहनावर पाळत ठेवण्यासाठी. तेवढ्या माणसांना हायवेवर वेग मोजायला उभं करा.

मोटार वाहन कायद्याखालचे नियम पक्के करण्याआधी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. आजवर अशा मसुद्यांवर कोकणातून फारसं कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. हायवेलगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत लोक सायकल उचलून डिव्हायडर कुठे ओलांडतात, उलट दिशेने कुठून येतात, त्या जागा किलोमीटरच्या दगडासह लिहून काढाव्यात, ग्रामसभेचा ठराव जोडावा आणि तो परिवहन विभागाकडे, त्याची प्रत महामार्गाच्या कार्यकारी अभियंत्याकडे पाठवावी. ठरावात दोन्ही बाजू लिहा: सायकलवाले लाल दिव्याला थांबतील, रात्री दिवा लावतील, सर्व्हिस रोड झाला की उलट दिशेने येणार नाहीत, आणि या या जागी आम्हाला ओलांडायला वाट हवी, ती होईपर्यंत वेगमर्यादेचा फलक, रंबलर आणि रात्रीचा उजेड हवा. पावसाळ्यात कामं थांबतात, तेव्हा हे कागद दिवाळीच्या आधी पोचले तर पुढच्या हंगामाच्या अंदाजपत्रकात बसू शकतील.